पाणबुडीची बॅटरी-पेटी : पाणी आत येऊ नये आणि गॅस आत राहू नये



बंदीचे दिवस आहेत. १ जून ते ३१ जुलै होड्या वर, ट्रॉलर जेटीला, इंजिनं खोललेली आणि बॅटऱ्या काढून घरात नाहीतर मांगरात ठेवलेल्या. या मोकळ्या वेळात घरी बांधलेल्या लहान पाणबुड्यांचे व्हिडिओ पोरांच्या मोबाइलवर फिरतायत आणि त्यावरून एक प्रश्न हमखास येतो. पाण्याखाली इंजिन चालत नाही, मग ही चालते कशावर? आणि बॅटरीवर चालत असेल तर ती बॅटरी खाऱ्या पाण्यात कोरडी कशी राहते?

प्रश्न चांगला आहे. उत्तर अर्धं लेथवाल्याचं आणि अर्धं रसायनाचं आहे, आणि आपल्या होडीतल्या बॅटरीच्या डब्याशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोणी पाणबुडी बांधायला घ्यावी म्हणून नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अमेरिकेत हा छंद जुना आहे. तिथल्या नौदलात पाणबुडीवर कप्तान राहिलेले जॉर्ज किट्रेज निवृत्त झाल्यावर मेन राज्यात लहान पाणबुड्या बांधायचे आणि त्यांचे नकाशेही विकायचे. त्यांची के-२५० ही एका माणसाची पाणबुडी २५० फुटांसाठी, म्हणजे साधारण ७६ मीटर खोलीसाठी आखलेली. असे नकाशे घेऊन किंवा स्वतः आखून लोक घरामागच्या शेडमध्ये वेल्डिंग करतात. डिझेल इंजिनाला हवा लागते, ती पाण्याखाली नाही, म्हणून या सगळ्या लहान पाणबुड्या बॅटरीवर चालतात. बॅटरी काही खास नसते. बहुतेक वेळा आपल्या ओळखीचीच १२ व्होल्टची शिसं-आम्लाची बॅटरी, फक्त गाडी चालू करायची नव्हे तर इन्व्हर्टरसारखी हळूहळू पुष्कळ वेळ वीज देणारी. १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी पंचवीस-तीस किलो भरते. अशा चार-सहा लागल्या की शंभर-दीडशे किलोचं ओझं झालं.

ते ओझं ठेवायचं कुठे? माणूस बसतो त्याच कवचात ठेवलं तर पाण्याची भीती कमी, पण बॅटरीतून निघणारा वायू आणि आम्लाची वाफ माणसाच्या श्वासाच्या हवेत मिसळणार. तिथे खिडकी उघडायची सोय नाही. म्हणून पुष्कळ बांधणारे बॅटऱ्या बाहेर, कवचाच्या खाली दोन्ही बाजूंना बसवलेल्या लोखंडी नळ्यांत ठेवतात. वजन तळाशी राहतं. आपल्या जुन्या गलबतांत नीरम भरायचे तसाच उपयोग होतो, पाणबुडी उलटत नाही. पण आता ती नळी पूर्ण समुद्रात आहे, आणि तिच्यात पाणी गेलं तर काय होईल ते तिच्या मालकाला कळायला उशीर लागणार.

आधी पाण्याचा जोर समजून घेऊ. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो दाब वाढतो. पागी डुबकी मारतो तेव्हा कान दुखतात ते यामुळेच. आता ४० सेंटिमीटर व्यासाचं गोल झाकण घ्या. त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण १,२५० चौरस सेंटिमीटर. १० मीटरवर त्या झाकणावर सव्वा टन भार आला. ३० मीटरवर पावणेचार टन. ७० मीटरवर पावणेनऊ टन. ३० मीटर म्हणजे काय फार खोल नाही, आपले ट्रॉलर रोज तेवढ्या पाण्यावर जाळी ओढतात.

यामुळे चौकोनी पेटी बाद होते. चौकोनी पेटीची सपाट बाजू दाबाखाली आत वाकते, वाकली की झाकणाची कड तिरकी होते, आणि मग पॅकिंग कितीही चांगलं असलं तरी फट पडते. गोल नळीवर दाब सगळीकडून सारखा येतो, ती स्वतःलाच आधार देते. गॅसचा सिलिंडर, ऑक्सिजनची बाटली गोल का असते? तिथे दाब आतून बाहेर, इथे बाहेरून आत, पण गोल आकाराचा फायदा दोन्हीकडे आहे. टोकांना सपाट पत्रा लावायचा तर तो जाड लागतो, नाहीतर सिलिंडरच्या बुडासारखं फुगीर टोक वेल्ड करतात. एक टोक कायमचं बंद, दुसऱ्या टोकाला झाकण.

आता झाकणाचं पॅकिंग. इथे आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा सिलिकॉनची ट्यूब किंवा एम-सील शोधेल. पाणबुडीवाले ते वापरत नाहीत. ते ओ-रिंग वापरतात, आपल्या आउटबोर्डच्या गिअरकेसमध्ये असते तीच, फक्त मोठी. लेथवर झाकणाच्या काठात खाच पाडायची आणि रिंग त्या खाचेत बसवायची. समजा रिंगची जाडी ५ मिलिमीटर आहे, तर खाच ४ मिलिमीटर खोल ठेवतात, म्हणजे झाकण घट्ट बसल्यावर रिंग एक मिलिमीटर चेपली जाते. पण खाचेची रुंदी मात्र रिंगपेक्षा जास्त लागते, साडेसहा-सात मिलिमीटर. कारण रबर चेपलं की नाहीसं होत नाही, आजूबाजूला पसरतं. त्याला पसरायला जागा दिली नाही तर झाकण लोखंडाला लोखंड टेकून बसतच नाही, आणि बोल्ट जास्त आवळला तर रिंग कापली जाते.

या रिंगची गंमत अशी की पाण्याचा जोरच तिला खाचेच्या कोपऱ्यात दाबून बसवतो. झाकणही बाहेरून दाबलं जातं. म्हणजे खोल गेल्यावर ती जास्त घट्ट होते. गळायची भीती जास्त असते ती वर, दोन-तीन मीटरवर, जिथे दाब कमी आणि रिंग नीट बसलेली नसते. बोल्ट ढिले असतील, रिंगवर वाळूचा कण असेल, एखादा केस किंवा सुतळीचा धागा आडवा पडला असेल, तर पाणी थेंब थेंब आत येतं. म्हणून झाकण लावण्याआधी रिंग काढून पुसायची, बोटाने फिरवून चीर आहे का बघायची, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. ग्रीसचं काम रिंग सरकवायचं आहे, फट बुजवायचं नाही. थापलेल्या ग्रीसला वाळू चिकटते.

पेटी तयार झाली, पण वायर बाहेर काढायची आहे. खरी फसगत इथे होते. दुकानात मिळणारे केबल ग्लँड, ज्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं, ते १ मीटर पाण्यात ३० मिनिटांसाठी असतात. आयपी ६८ लिहिलं असेल तर किती मीटर ते बनवणाऱ्याने सांगायला हवं, नुसतं ६८ वाचून उपयोग नाही. पण ग्लँड उत्तम असला तरी एक वाट उरतेच, ती म्हणजे वायरच्या आतून. तांब्याच्या बारीक तारा एकमेकांना चिकटून असल्या तरी त्यांच्या मधे फटी असतात. बाहेर पाण्यात कुठे वायरचं कातडं कापलं गेलं तर पाणी त्या फटींतून, पिळलेल्या कापडातून चढावं तसं, सरळ पेटीत पोचतं. ग्लँड कोरडा, रिंग कोरडी आणि आत पाणी. यावर उपाय असा की मधे एका ठिकाणी तारांऐवजी भरीव तांब्याची किंवा पितळेची काडी घालायची, दोन्ही बाजूंनी वायर तिला डाग देऊन जोडायची आणि तो भाग इपॉक्सीत ओतून बुजवायचा. भरीव काडीतून पाणी जाऊ शकत नाही.

आपल्या होडीवर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. इंडिकेटर दिव्याची वायर वर कापलेली असते आणि हातभर आतपर्यंत तांबं हिरवं-काळं झालेलं असतं. नुसतं टोक सोलून परत जोडून भागत नाही, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जावं लागतं. कल्हई केलेल्या तारांची मरीन वायर महाग पडते, पण टिकते.

पेटी तयार झाली की आधी रिकामी तपासतात. पहिली तपासणी हवा ओढून. छोट्या हातपंपाने आतली थोडी हवा काढायची, दाबाचा काटा बघून ठेवायचा आणि दोन-चार तास तसंच सोडायचं. काटा हलला नाही तर झाकण बसलं. मग पेटीला वजन बांधून, बॅटरी न घालता, माणसाविना दोरीने खाली सोडतात, रोज जायचं त्यापेक्षा जास्त खोल. वर काढून उघडायचं आणि आत घातलेला कोरडा कागद बघायचा. काही लोकांना वाटतं की आत कंप्रेसरची हवा भरून साबणाचं पाणी लावावं, टायरची पंक्चर काढतो तसं. मोठ्या पेटीला जास्त दाबाने असं करणं म्हणजे बाँब तयार करणं. हवा दाबली की स्प्रिंगसारखी जोर साठवते आणि झाकण सुटलं तर ते गोळ्यासारखं जातं. पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, फुटलं तरी जागीच गळतं. म्हणून दाबाची तपासणी पाण्याने करतात.

आणि तरीही गळेल असं धरूनच चालतात. ४० सेंटिमीटर व्यासाची आणि १२० सेंटिमीटर लांबीची नळी घेतली तर तिचं आकारमान साधारण १५० लिटर. त्यात तीन बॅटऱ्या, त्यांनी चाळीसएक लिटर जागा घेतली. उरली ११० लिटर हवा. ही नळी पाण्याने भरली की पाणबुडी एकदम ११० किलोंनी जड होते, आणि तेही एकाच बाजूला. म्हणून पाणबुडीखाली त्याहून जास्त वजनाचं शिसं असं अडकवतात की आतून एक दांडा फिरवला की ते सुटून पडावं. नळीच्या तळाशी दोन उघड्या तारा ठेवतात. पाणी त्यांना टेकलं की माणसासमोर दिवा लागतो.

इथपर्यंत झालं पाणी बाहेर ठेवण्याचं. यातलं लेथकाम, वेल्डिंग आपल्याकडचा चांगला कारागीर करू शकतो. पण पाणी अडवणारी पेटी गॅसही अडवते. माझ्या मते खरा धोका इथे आहे, आणि व्हिडिओत हा भाग दोन वाक्यांत संपवलेला असतो.

शिसं-आम्लाची बॅटरी चार्ज होताना एका मर्यादेनंतर तिच्यातलं पाणी विजेने फुटायला लागतं. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. चार्जिंग १४.४ व्होल्टच्या आसपास आलं की बुडबुडे सुरू होतात. बॅटरीचं बूच उघडून कान लावला तर उकळल्यासारखा आवाज येतो तो हाच. त्या बुडबुड्यांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. बॅटरी भरल्यानंतर वर जाणाऱ्या प्रत्येक अँपिअर-अवरमागे एका कप्प्यातून ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो, सहा कप्प्यांतून अडीच लिटर. म्हणजे भरलेल्या बॅटरीत १० अँपिअर घालत राहिलं तर तासाला २५ लिटर.

हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि ७५ टक्क्यांपर्यंत पेटतच राहतो. ११० लिटर हवेचे ४ टक्के म्हणजे साडेचार लिटर. झाकण बंद ठेवून एक भरलेली बॅटरी चार्जिंगला राहिली तर दहा-अकरा मिनिटांत ती नळी स्फोटाला तयार. तिन्ही असल्या तर चार मिनिटंही लागत नाहीत. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. ठिणगी मात्र लहानशी पुरते, फ्यूज उडाल्याची, रिले चिकटल्याची, ढिल्या टर्मिनलची. घरच्या एलपीजीत मुद्दाम वास घातलेला असतो, इथे ती सोय नाही.

यात खारं पाणी आलं तर आणखी दोन गोष्टी होतात. टर्मिनलवर खारं पाणी आलं की त्यातून वीज वाहते, पाणी फुटतं आणि बॅटरी चार्ज होत नसतानाही हायड्रोजन तयार होतो. आणि मिठात क्लोरीन असतो. विजेने आणि बॅटरीच्या आम्लाने तो मोकळा होतो. हा विषारी वायू आहे, पाणबुडीवाल्यांना पहिल्यापासून याची धास्ती आहे. थोडक्यात, गळणारी पेटी नुसती भिजत नाही, ती गॅस बनवायला लागते.

मोठ्या नौदलांच्या पाणबुड्यांनाही हे चुकलेलं नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये अमेरिकेची कोचिनो ही पाणबुडी नॉर्वेच्या उत्तरेला वादळात सापडली, बॅटरीच्या कप्प्यात हायड्रोजनचे स्फोट झाले आणि ती बुडाली. सोबतच्या टस्क या पाणबुडीने माणसं उचलली, पण त्या खटपटीत जीव गेले. १९८८ च्या एप्रिलमध्ये बोनफिश या पाणबुडीत फ्लोरिडाजवळ समुद्राचं पाणी बॅटरीच्या केबलवर पडलं, आग आणि स्फोट झाला, तिघे गेले. अलीकडची गोष्ट अर्जेंटिनाच्या सान हुआनची. १५ नोव्हेंबर २०१७ ला तिच्या कप्तानाने किनाऱ्याला कळवलं की हवा घेण्याच्या नळीतून समुद्राचं पाणी आत आलं, ते बॅटरीच्या टाकीत पोचलं, शॉर्ट सर्किट झालं आणि आग लागायला सुरुवात झाली होती. बॅटरीचा तो गट बंद करून ते पुढे निघाले होते. त्याच दिवशी संपर्क तुटला. ४४ जण होते आत. एक वर्षाने साधारण ९०० मीटर खोलीवर ती चेपलेली सापडली. ज्यांच्या घरातलं माणूस कधी वेळेत परतलं नाही, त्यांना ते वर्ष कसं गेलं असेल हे सांगायला नको.

मग घरी बांधणारे गॅसचं काय करतात?

पहिला नियम, झाकण बंद असताना चार्जिंग नाही. पाणबुडी वर काढायची, नळीचं झाकण उघडायचं, खालच्या भोकातून पंख्याने ताजी हवा घालायची आणि वरच्या भोकातून बाहेर जाऊ द्यायची. हायड्रोजन हलका असतो, तो वर चढतो, म्हणून बाहेरची वाट सगळ्यात उंच जागी. चार्जर काढल्यावरही बॅटरी बराच वेळ गॅस सोडत राहते, त्यामुळे लगेच झाकण लावायचं नाही, काही तास थांबायचं. सावध माणसं बंद करण्याआधी आत नायट्रोजन भरतात, पेट्रोल पंपावर टायरात भरतात तोच. ऑक्सिजनच नसला की पेटणार कसं.

दुसरा, प्रत्येक नळीला बाहेरच्या बाजूला उघडणारा झडपेचा व्हॉल्व्ह. आतला दाब थोडा जरी वाढला तरी गॅस बाहेर जावा, बाहेरचं पाणी मात्र आत येऊ नये, अशी ती झडप असते. पाणबुडी वर आल्यावर झाकणाचे बोल्ट सोडण्याआधी हा व्हॉल्व्ह हाताने उघडतात आणि झाकणासमोर उभं राहत नाहीत. आत थोडासा दाब राहिला असेल तरी त्या झाकणाचं क्षेत्रफळ बघा. दर सेंटिमीटरला अर्धा किलो म्हटलं तरी सहाशे किलोचा धक्का.

तिसरा, ठिणगी पडेल अशी वस्तू बॅटरीच्या पेटीत ठेवायची नाही. स्विच, रिले, मोटरचा कंट्रोलर दुसऱ्या पेटीत.

खूप खोल जाणाऱ्यांनी तर पेटी मजबूत करायचा नादच सोडला. त्यांनी पेटीतली हवाच काढून टाकली. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेची आल्विन ही १९६४ पासून चालणारी पाणबुडी. तिच्या शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या माणसाच्या गोळ्याच्या बाहेर, तेलाने भरलेल्या पेट्यांत असायच्या. पेटीला रबराची लवचीक पिशवी जोडलेली. बाहेर दाब वाढला की पिशवी दबते आणि आतल्या तेलाचा दाब तेवढाच वाढतो. आत-बाहेर सारखंच, मग पातळ पेटीही पुरते. तेल आम्लापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर तरंगतं, आम्लात मिसळत नाही. गॅस झालाच तर तेलातून वर चढून व्हॉल्व्हने बाहेर जातो. हे वाचून मला वाटलं, किती साधी गोष्ट आहे. मासा तरी काय करतो? खोल पाण्यातला मासा त्या दाबाने चेपत नाही, कारण त्याच्या मांसात पाणीच भरलेलं असतं. जाळ्यात वर आलेल्या घोळ माशाचा बोत फुगलेला असतो, कारण फक्त तिथे हवा असते.

लिथियम बॅटऱ्यांबद्दल पोरं विचारतील म्हणून एवढंच. त्या हलक्या असतात आणि रोजच्या चार्जिंगला हायड्रोजन सोडत नाहीत. पण आत बिघाड होऊन तापल्या तर खूप गॅस आणि आग दोन्ही देतात, आणि पक्क्या बंद पेटीत तापल्या तर पेटी फुटते. म्हणून तिथेही मोठी झडप लागते.

आता आपल्याकडे येऊ. होडीवर जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस, दिवे यांच्यासाठी बॅटरी ठेवली जाते आणि तुषार लागू नये म्हणून काही जण ती घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक बॅरलमध्ये किंवा जुन्या फायबरच्या बर्फपेटीत ठेवून वायरच्या भोकाला एम-सील लावतात. पाणी येत नाही हे खरं. पण आपण पाण्याखाली जात नाही. आपल्याला लाट आणि पाऊस अडवायचा आहे, समुद्र नव्हे. सोलर पॅनेलवर किंवा इंजिनाच्या अल्टरनेटरवर दिवसभर चार्ज होणाऱ्या बॅटरीला हवाबंद डब्यात कोंडलं तर आपण पाणबुडीवाल्यांचा पहिलाच नियम मोडतो. त्यांच्याकडे निदान व्हॉल्व्ह आणि नायट्रोजन तरी असतो.

बंद डब्याने पाणी तरी पूर्ण अडतं का? दुपारच्या उन्हात डबा तापतो, आतली हवा फुगून कुठून तरी निसटते. वर थंड पाण्याचा सपका बसला की आतली हवा आकसते आणि त्याच फटीतून ओल आत ओढते. सकाळी उघडलं की झाकणाला आतून दव असतं. ते टपकतं कुठे, तर टर्मिनलवर.

होडीतला डबा असा असावा : झाकण छत्रीसारखं कडेवरून खाली उतरणारं, पण चिकटवलेलं नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला, सगळ्यात उंच जागी, दोन समोरासमोरच्या बाजूंना हवेची भोकं, किंवा वरून एक जाड पाइप काढून त्याचं तोंड खाली वळवलेलं, ट्रॉलरच्या डिझेल टाकीच्या हवेच्या पाइपला असतं तसं. डबा होडीत साचणाऱ्या पाण्याच्या वर, फळीवर, पट्ट्याने आवळून. खाली आम्ल न खाणाऱ्या प्लॅस्टिकचा ट्रे. फ्यूज बॅटरीजवळ हवा, पण डब्याच्या बाहेर. बिल्ज पंपाचा स्विच किंवा रिले डब्यात नको. टर्मिनल आवळून वर व्हॅसलीनचा हात आणि रबरी टोपी. मेंटेनन्स-फ्री बॅटरी गॅस सोडतच नाही असं बॅटरीवालाही कधी कधी सांगतो, ते पूर्ण खरं नाही. ती बराचसा गॅस परत पाण्यात वळवते, पण चार्जिंग जास्त झालं की तिच्याही झडपा उघडतात. बिघडलेला रेग्युलेटर १५ व्होल्टच्या वर जात असेल तर बॅटरी कुठलीही असो.

सध्या बॅटऱ्या घरात आहेत, म्हणून घरच्या मंडळींनीही हे वाचावं. शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली तर उतरते आणि उतरलेली तशीच राहिली तर तिच्या प्लेटा कडक होऊन बाद होते. त्यामुळे बंदीच्या दोन महिन्यांत महिन्यातून एकदा तरी चार्जिंगला लावावीच लागते. बाहेर पाऊस म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत लावू नका. पडवीत, मांगरात, वरून हवा खेळेल अशा जागी लावा. चूल, गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा, विडी-सिगारेट जवळ नको. पाण्याची बुचं असतील तर प्लेटा झाकलेल्या आहेत एवढं बघून आधी चार्ज करा, डिस्टिल्ड वॉटर मागाहून निशाणीपर्यंत घाला, आधी घातलं तर बुडबुड्यांनी वर येऊन सांडतं. क्लिप काढायच्या आधी चार्जर भिंतीवरच्या बटणाने बंद करा. चालू चार्जरची क्लिप ओढली की ठिणगी पडते, आणि ती नेमकी गॅस असतो तिथेच पडते. बॅटरी फुटते ती बहुतेक वेळा अशीच. होडीवरून बॅटरी काढताना आधी डब्याचं झाकण उघडून पाच-दहा मिनिटं हवा लागू द्या, मग निगेटिव्हची वायर पहिली काढा.

आम्ल अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. खायचा सोडा जमिनीवर सांडलेल्या आम्लावर टाकायचा, डोळ्यात नाही.

आणि शेवटच्या फेरीत ज्यांच्या बॅटरीत खारं पाणी गेलेलं आहे त्यांनी ती चार्ज करून बघू नये. बूच उघडून तिखट, ब्लीचिंग पावडरसारखा वास आला तर ती घरात न आणता बाहेर उघड्यावर, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि बॅटरीवाल्याला सांगून उचलायला लावा. जुन्या शिशाचे पैसे मिळतात.